गोड बोलणारी सुनीती

सुनीती खोब्रागडेनं माझ्या गोधडीला 'अप्रतिम' म्हटलं, त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

हे वाचून मी तुम्हाला तिरसट म्हातारी वाटले असेन, तर ते खरंच आहे. पण आमच्या मंडळाची रीत आधी ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

आम्ही चौघं. मी हेमांगी क्षेमकल्याणी, नाशिकची. नोकरीभर आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं, आता गोधड्या शिवते. फिलोमिना डाबरे वसईची, मातीची चित्रं करते. मिरजेचे यासीन मुजावर एसटीचे ड्रायव्हर होते, गाडीचं चाक माणसाच्या हातात असायचं त्या काळातले. ते लाकडाची खेळणी कोरतात. आणि चंद्रपूरची सुनीती, निवृत्त नर्स, बांबूचे कंदील करणारी. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. भेट होते ती रविवारी सकाळी, पडद्यावर.

पूर्वी आम्ही एका मोठ्या हौशी कलाकारांच्या गटात होतो. तिथं तुम्ही फडकं ठेवा की पैठणी, खाली फुलं, जोडलेले हात आणि 'वा, क्या बात है' यांचा पाऊस. माझ्या पहिल्या गोधडीवरही तो पडला आणि मी खूश होऊन बसले. तेवढ्यात एक अनोळखी फोन आला. "ताई, राग नका मानू, पण तुमची मधली पट्टी तिरपी गेली ना." ही सुनीती. मी तणतणत पट्टी मोजली. तिरपीच होती. इतक्या लोकांतून एकीनं माझी गोधडी खरोखर पाहिली होती, या आनंदात मी तिला उलट फोन केला आणि आमची मैत्री जमली.

त्यातूनच खोट मंडळ निघालं. ज्याचा वाढदिवस त्यानं वर्षातली आपली सगळ्यांत लाडकी वस्तू दाखवायची आणि बाकीच्यांनी प्रत्येकी एक खोट काढायची. स्तुतीला बंदी. खोट तोंडानंच सांगायची, कधी लिहायची नाही, आणि बैठक साठवून ठेवायची नाही, कारण लिहिलेली खोट माणूस पुन्हा पुन्हा वाचतो आणि झुरतो. त्यामुळे आमचं लेखी सगळं गोड असायचं. दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, चौघांच्या सणांना चौघांच्या शुभेच्छा, दिवे, फुलं. तोंडी मात्र एकमेकांची सालं काढायची. सुनीती त्यात सगळ्यांची आजी. "काहून वं हेमांगी, लक्ष कुठी होतं? रंग काय डोळे मिटून निवडते का?" असं ती म्हणाली की मी दोन दिवस फुगायचे आणि तिसऱ्या दिवशी रंग बदलायचे.

मग सुनीतीला झटका आला.

मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली. उजवा हात लुळा झाला आणि शब्द गेले. तिला ऐकू येत होतं, समजत होतं, काय म्हणायचं आहे तेही ठाऊक होतं, पण मनातल्या गोष्टीपासून जिभेवरच्या शब्दापर्यंतची वाट मधेच खचली होती. लिहिण्याचे शब्दही त्याच वाटेनं येतात, त्यामुळे डाव्या हातानं लिहिणंही जमेना. मान हलवून हो-नाही सांगावं, तर अशा रुग्णांची त्यातही गल्लत होते, मानेवर फार विसंबू नका, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं होतं.

हा मुलगा प्रशिक. पुण्यात नोकरी करणारा, एकुलता एक. तो चंद्रपूरला येऊन राहिला, तिथूनच काम करू लागला आणि आईसाठी त्यानं वाचापट्टी आणली.

वाचापट्टी तुम्ही पाहिली असेल, आता बऱ्याच घरांत दिसते. हनुवटीखाली चिकटवायची पातळ पट्टी आणि केसांत दडणाऱ्या काही टिकल्या. माणूस शब्द उच्चारायची नुसती धडपड करतो तेव्हाही मेंदूत आणि जिभेच्या स्नायूंत विजेची बारीकशी हालचाल होते. टिकल्या ती टिपतात, यंत्र त्यावरून शब्द ओळखतं आणि मोठ्यानं बोलतं. आवाज त्या माणसाचाच. सुनीतीचा आवाज तंत्रज्ञांनी तिच्या निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणावरून घडवला होता.

अडचण अशी, की दुखावलेल्या मेंदूकडून येणारा संकेत खरखरीत असतो. एक शब्द स्पष्ट कळतो, पुढचे चार पुसट. पुसट जागी काय असावं याचा यंत्र अंदाज करतं. हा माणूस एरवी अशा वेळी काय म्हणाला असता, हे ते त्याच्या जुन्या लिखाणावरून शिकलेलं असतं. या अंदाजानं जागा भरण्याला तंत्रज्ञ 'भरणी' म्हणतात. भरणी जास्त ठेवली तर माणूस घडाघडा बोलतो. कमी ठेवली तर अडखळतो. घरच्यांना अर्थातच घडाघडा बोलणारा माणूस हवा असतो.

पट्टी लावून सुनीती पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा आम्ही तिघंही रडलो. तिचा आवाज म्हणाला, "तुम्हा सर्वांना पाहून मनाला अत्यानंद झाला." यासीनभाई डोळे पुसत म्हणाले, "ताई, आता काय बोलाल ते बोला, आमी ऐकतो."

त्यानंतरचा पहिला वाढदिवस माझा होता.

मी एक मोठी गोधडी पडद्यासमोर धरली. फिलोमिनानं काठाचे टाके लांब पडल्याचं सांगितलं. यासीनभाई म्हणाले, "जड झालीया ताई. ही पांघरून माणूस झोपल, पर उठायचा न्हाई." मग सुनीतीची पाळी. पट्टीचा छोटा दिवा लुकलुकला. तिचा आवाज म्हणाला, "अप्रतिम. आपली रंगसंगती मनाला मोहवून टाकते. आपणास असेच यश लाभत राहो."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. गोधडीत खोट होती, चांगली ढळढळीत. एक अख्खा चौकोन उलटा लागला होता आणि ते मला शिवून झाल्यावर कळलं होतं. सुनीतीला ते दिसणार नाही हे शक्यच नव्हतं. म्हणजे तिनं मला सोडून दिलं होतं. खरं ऐकवण्याइतकी मी तिची उरले नव्हते, किंवा खरं ऐकण्याइतकी धड उरले नाही असं तिला वाटत होतं. वय झालं की लोक आपल्याशी असे गुळगुळीत वागायला लागतातच. सुनेपासून बँकेतल्या पोरीपर्यंत सगळे. निदान सुनीतीकडून मला ते नको होतं. फार दुखलं मला.

फिलोमिनानं समजूत घातली. "अगं, मरणाच्या दारातून परत आलीये ती. माणूस मऊ होतो. गोड बोलली तर काय बिघडलं?"

"सगळंच बिघडलं," मी म्हटलं. "मऊ झाली म्हणे. ती भातासारखी मऊ होणारी बाई आहे का?"

पण मी रुसले ती रुसलेच. पुढच्या रविवारच्या बैठकीलाही गेले नाही.

बुद्धपौर्णिमेला मात्र जावंच लागलं. त्या दिवशी आम्ही चौघंही आपापल्या घरी सुनीतीनं शिकवलेला पंचरंगी कंदील करून लावतो, तिचा सण म्हणून. यंदा तिनं स्वतः केलेला कंदील तिच्यामागे टांगलेला दिसला. डाव्या हातानं केलेला, वेडावाकडा. त्याला कुणी खोट काढली नाही. फिलोमिना 'सुंदर' म्हणाली, यासीनभाईंनी मान डोलावली. रुसवा धरून बसलेली मीही 'छान झालाय' असं पुटपुटले. आपण काय करतो आहोत हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मग प्रशिक पडद्यात आला. "मावशी, काका, एक सांगायचं होतं. मी आईला पुण्याला नेतोय. माझी रजा, घरून कामाची सवलत, सगळं संपत आलंय. घर विकायला काढतोय. मागच्या अंगणातला बांबू आणि हत्यारं इथल्या एका शाळेला देऊन टाकू. तिकडं बाविसाव्या मजल्यावर करवत चालणार नाही. आईशी बोललोय मी सगळं. हो ना गं आई?"

दिवा लुकलुकला. "तुझ्या सुखातच माझं सुख सामावलेलं आहे," सुनीतीचा आवाज म्हणाला. "सर्वांच्या शुभेच्छा अशाच पाठीशी राहोत."

माझं डोकं सणकलं. ते गुळचट बोलणं मला ऐकवेना, म्हणून मी सरळ आवाज बंद केला आणि नुसतं चित्र पाहत बसले.

आणि तेव्हा मला सुनीती दिसली. इतके दिवस मी तिला ऐकत होते, पाहत नव्हते. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. भुवया जवळ आल्या होत्या. डावा हात टेबलावर आपटत होता आणि ओठ एकाच जागी पुन्हा पुन्हा धडकत होते. या चेहऱ्यानं वर्षानुवर्षं माझ्या गोधड्या फाडल्या होत्या, मी तो कशी विसरेन. आवाज बंद असताना ती संतापानं थरथरत होती. मी आवाज सुरू केला, तर ती म्हणत होती, "आनंदी आनंद."

प्रशिकनं तिचा आपटणारा हात हळुवारपणे धरून मांडीवर ठेवला. "हात असा उडतो तिचा कधीकधी," तो आम्हाला म्हणाला. आणि बैठक संपली.

मी तिथल्या तिथे जुने निरोप उघडले. सुनीतीनं आम्हाला लिहिलेलं सगळं. 'आपणास हार्दिक शुभेच्छा.' 'मनाला अत्यानंद झाला.' 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' यंत्र हेच वाचून शिकलं होतं. त्याच्या लेखी सुनीती खोब्रागडे ही जन्मभर शुभेच्छा देत आलेली बाई होती. जिला आम्ही ओळखत होतो ती सुनीती कुठं लिहिलेलीच नव्हती, कारण लिहायची नाही असा नियम आम्हीच केला होता. आणि यंत्र रोज आपलंच बोललेलं पुन्हा पोटात घेऊन शिकत असणार, म्हणजे ती दिवसेंदिवस आणखी गोड होत जाणार. आत ती ओरडत होती आणि बाहेर तिच्याच आवाजात सण साजरे होत होते. आणि मी तिच्यावर रुसून बसले होते.

मी प्रशिकला फोन लावला.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, भरणी कमी केली तर ती जवळजवळ मुकी होईल. तंत्रज्ञानं आधीच सांगितलंय."

"मुकी होऊ दे. पण आत्ता जे बोलतंय ते ती नाही."

"कशावरून?" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला तिची बोलणी रविवारी एकदा बसायची. मला रोज. दहावीच्या मार्कांपासून भाजी चिरण्यापर्यंत मी एक गोष्ट तिच्या मनासारखी केली नाही. परवा तिला जेवण भरवताना ती काय म्हणाली माहितीये? 'तू माझं फार छान करतोस.' आयुष्यात पहिल्यांदा, मावशी. आणि तुम्ही म्हणताय ते मशीन बोललं."

खोट काढायला मी तयार होऊन आले होते, पण या पोराचं काही चुकलं नव्हतं. आईला तो जिवापाड जपत होता आणि बदल्यात एक गोड शब्द मिळाला तर त्यानं तो घट्ट धरून ठेवला, यात नवल काय.

"ते वाक्य तिचं असेलही," मी शेवटी म्हटलं. "मला नाही माहीत. तुलाही नाही. म्हणूनच विचारायला हवं ना रे? घर एकदा विकलं की मग विचारून काय उपयोग?"

मग त्यानं विचारलं, "तुम्ही तिघं असाल ना सोबत?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही जमलो. यासीनभाई नाश्ता टाकून आले होते. प्रशिकनं आईच्या समोर बसून तिला सगळं समजावून सांगितलं. ती एकटक त्याच्याकडे पाहत होती. त्यानं भरणी शून्यावर आणली. आता यंत्राला खात्रीनं कळलेला शब्दच तेवढा बाहेर येणार होता.

"आई, पुण्याला यायचं?"

सुनीतीचे ओठ हलले. मान ताठ झाली. दिवा लुकलुकत राहिला आणि आवाज काही आला नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी दारावर येऊन गेलं. ती पुन्हा पुन्हा धडपडत होती आणि प्रत्येक वेळी शब्द कुठंतरी सांडत होता.

मला राहवेना. "सुनीती, बांबूबद्दल म्हणतेस का? घराबद्दल? की पाणी हवंय?"

फिलोमिनाही सुरू झाली. "तिला दमल्यासारखं वाटतंय. सुनीती, दमलीस का गं?"

"ओ ताई, गप बसा की दोघी," यासीनभाई म्हणाले. ते इतक्या जोरात कधी बोलत नाहीत. "तिचं तोंड उघडायच्या आत तुमी शब्द घालताय. मग त्या मशीनचं काय चुकलं? गाडी घाटात असली की मागनं हॉर्न मारून काय हुतंय का? तिला चढू द्या."

आम्ही गप्प बसलो. मी हात मांडीखाली घेऊन बसले, शाळेतल्या पोरीसारखी. कुणाची वाट पाहणं इतकं अवघड असतं हे मला त्या सकाळी कळलं. आपण माणसाला बोलू देतो म्हणजे बहुतेक वेळा त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतो.

आणि मग पट्टीतून एकच शब्द आला.

"नाही."

प्रशिक जागचा हलला नाही. सुनीतीनं खोल श्वास घेतला, जणू जिना चढून आली होती. त्यानं पुन्हा विचारलं, गल्लत नको म्हणून, उलट्या बाजूनं. "आई, इथंच राहायचं?"

या खेपेला कमी वेळ लागला. "हो." आणि डाव्या हाताचं बोट तिनं मागच्या दारावर रोखलं, अंगणाकडे.

"आणि मी... मी तुझं करतो ते..." त्याला पुढं विचारवेना. तो खाली पाहू लागला.

सुनीतीनं आपला धड हात त्याच्या गालाला लावला आणि तोंड वर केलं. दिवा पुष्कळ वेळ लुकलुकला. एकेक शब्द मधे मोठी जागा ठेवून आला.

"वरण... खारट." आणि मग, आम्ही हसूही शकलो नाही इतक्यात, "बाकी... चांगलं."

प्रशिक रडायलाच लागला. हसतही होता. "खारट होतं," तो आम्हाला सांगत होता. "काल खरंच खारट झालं होतं. मला वाटलं तिला कळलं नाही." फिलोमिना रुमाल शोधत होती. मी मात्र मनात म्हटलं, आली. आमची सुनीती परत आली.

पण प्रश्न काही मिटला नव्हता. प्रशिकनं डोळे पुसले आणि तो खऱ्या काळजीनं म्हणाला, "तुझं म्हणणं कळलं, आई. घर नाही विकत. पण मला पुण्याला जावं तर लागेलच, निदान अधूनमधून. दिवसभराला बाई ठेवली तरी तू इथं एकटी कशी राहणार?"

सुनीतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून पडद्याकडे पाहिलं, एकेका चौकटीत थांबत. माझ्यावर नजर आली तेव्हा मी केस सारखे केले, उगाचच. तिचे ओठ हलू लागले. आमच्यापैकी कुणी मधे एक शब्द घातला नाही. बाहेर ऊन चढत होतं, नाशकातही आणि तिथंही.

"एकटी..." सुनीती म्हणाली.

आम्ही थांबलो.

"...कुठी?"

प्रशिकनं आमच्या तिघांच्या चौकटींकडे पाहिलं. मग खुर्ची आईच्या आणखी जवळ ओढली आणि तो नीट टेकून बसला.

"बोल, आई," तो म्हणाला. "सावकाश बोल. मला आज कुठं जायचं नाही."